अक्काच्या हाताएवढं शतक

"मग एकोणिसाव्या शतकाचं काय करायचं?"

माझी थोरली बहीण, सुलभाअक्का, माझ्याशी शेवटचं बोलली ते हे वाक्य. मार्च संपत आला होता. रविवारी संध्याकाळी मी मुक्ताला, माझ्या मुलीला, आणायला बेलापूरला अक्काच्या घरी गेलो होतो. मुक्ता आत चपला शोधत होती. अक्का सोफ्यावर बसून जुन्या लग्नपत्रिका कात्रीने कापत होती. स्कूटरची किल्ली हातातच ठेवून मी एका दमात सांगून टाकलं, की जूनपासून मुक्ताला पुन्हा शाळेत घालतोय, मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. अक्काची कात्री थांबली. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हा प्रश्न विचारला. मला तो टोमणा वाटला. "बघू," म्हणालो आणि हेल्मेट चढवलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी फोन आला. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. हंगामाचे शेवटचे दिवस होते आणि माझ्या हातात रसाचा नमुना होता. फोन अक्काच्या शेजारच्या भाऊसाहेबांचा. "सर, जरा खुर्चीवर बसा," ते म्हणाले, "बाई गेल्या वं..." ती सकाळी फुलं तोडायला अंगणात आली आणि पायरीवर बसली ती उठलीच नाही. मी हातातला नमुना टेबलावर नीट ठेवला, त्यावर चिठ्ठीही लावली. माणूस अशा वेळी काय करेल याचा नेम नसतो. श्रीरामपूरहून बेलापूरला जाईपर्यंत डोक्यात एकच गोष्ट फिरत होती : तिला खरंच उत्तर हवं होतं का, की ती माझ्यावर रागावली होती?

हे कळण्यासाठी थोडं मागे जायला हवं. मुक्ता अडखळत बोलते. 'क' आणि 'प' आला की तिची गाडी थांबते. सहावीत असताना वर्गात मोठ्याने वाचायची पाळी आली की बाकं हसायची. मग तिने शाळेच्या दिवशी सकाळचं खाणं सोडलं, आणि पुढे शाळाच. मी समजावलं, रागावलो, आणि एकदा तर तिला उचलून स्कूटरवर बसवलं. रस्ताभर तिने माझ्या शर्टाला हात लावला नाही, मागची दांडी धरून बसली. ते मी विसरलेलो नाही आणि तीही विसरली नसणार. माझी बायको वैशाली महिनाभर रडत होती. त्या वेळी नुकतीच निवृत्त झालेली अक्का घरी आली, चहा प्यायली आणि म्हणाली, "वैशाली, हिला माझ्याकडे दे. परीक्षा बाहेरून देता येते. शिकायला काय, घर पुरतं."

अशी आमची घरशाळा सुरू झाली. गणित-विज्ञान माझ्याकडे, इंग्रजी वैशालीकडे, मराठी आणि इतिहास अक्काकडे. अक्काने नोकरीभर मुलींच्या शाळेत इतिहासच शिकवला होता, आणि नोकरीभर त्यावर कुरकुर केली होती. ती म्हणायची, "एका इयत्तेत अश्मयुग, पुढच्या इयत्तेत मराठे, त्याच्या पुढच्या इयत्तेत फ्रान्स. मुलींना वाटतं, हे सगळं वेगवेगळ्या ग्रहांवर झालं. मला एकदा तरी हे सगळं एका दमात सांगायचंय." पुस्तकं बाजूला ठेवून तिने बेलापूरच्या बाजारातून पांढऱ्या सुती दोरीचं मोठं बंडल आणलं. दोरीच्या टोकावर कोपर टेकवलं, हात लांब केला, मधलं बोट जिथे पोचलं तिथे गाठ मारली.

"एक हात म्हणजे शंभर वर्षं," ती मुक्ताला म्हणाली.

"आत्या, प... पट्टी घे ना."

"पट्टी कपाटात राहते गं. हात कायम बरोबर असतो."

गाठी मारलेली ती दोरी दाराशेजारच्या खिळ्यापासून निघाली, हॉलला फेऱ्या घालत स्वयंपाकघराच्या खिडकीशी पोचली. दोरीवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी कार्डं लागायची. कार्डं म्हणजे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. एका बाजूला मुक्ताच्या अक्षरात बॅबिलॉन, उलटलं की 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. येणारा पाहुणा हमखास चुकीची बाजू वाचायचा आणि विचारायचा, "बाई, हे लग्न झालं की व्हायचंय?"

पहिले काही महिने मी गंमत पाहत होतो. इजिप्त आलं, चीन आलं, ग्रीस आलं. सिंधूकाठची शहरं येऊन गेली, पण इतरांसारखीच, एका कार्डात. मला आतून टोचायला लागलं. मुलगी भारतात राहते, परीक्षा भारतात द्यायची, आणि हिच्या दोरीवर आपला देश कुठेतरी मधे मधे. एके दिवशी न राहवून विचारलं, "अक्का, आपण कधी येणार?"

"आपण आलोय की. तुझं लक्ष नव्हतं."

हे उत्तर मला पुरलं नाही. दिवाळीत अक्का मुलाकडे हैदराबादला गेली, तेव्हा मी घरी आतल्या खोलीत मुक्ताला हाताशी घेऊन एक वेगळी दोरी बांधली. फक्त भारताची. मीच कोपर टेकवून गाठी मारल्या, पाठ्यपुस्तक समोर ठेवून सांगत गेलो आणि मुक्ता लिहीत गेली. सिंधूकाठची शहरं, बुद्ध, मौर्य, सातवाहन, यादव, निजामशाही, शिवकाल, पेशवाई, स्वातंत्र्य. खोली भरून गेली. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. मुलीला तिचं काहीतरी परत मिळवून दिल्यासारखं.

अक्का परतल्यावर मी ती दोरी गुंडाळून बेलापूरला घेऊन गेलो, दाखवायला. तिने मन लावून सगळी कार्डं वाचली. मग म्हणाली, "छान आहे. आता माझ्या दोरीखाली धर. सिंधूच्या शहरांच्या गाठीला तुझी पहिली गाठ जुळव आणि चालत ये." मी एक टोक धरलं, मुक्ताने दुसरं. सुरुवातीला सगळं नीट होतं. बुद्धापाशी आलो तर तो इकडे एका जागी आणि तिकडे दुसऱ्या. पुढे पुढे फरक वाढतच गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी, जिथे अक्काच्या दोरीवर 'आज' अशी लाल गाठ होती, तिथे माझा देश अजून इंग्रजांचं राज्यसुद्धा यायच्या आधीच होता. उरलेली दोरी ओट्यावरून खाली लोंबत भांड्यांच्या टोपलीत गेली होती.

अक्काने विचारलं, "कुणाच्या हाताने मोजलंस?"

"माझ्या."

माझा हात आमच्या वडिलांवर गेलाय, लांबलचक. अक्का आईसारखी, बुटकी. ती ओट्याला टेकून हसायला लागली. "अरुण, तुझा देश जगाच्या तीनशे वर्षं पुढे निघून गेलाय रे! तिकडे पुढे काय दिसतंय ते तरी विचार त्याला." मुक्ता टोपलीतून पानिपत बाहेर काढत होती. तीही हसत सुटली. "बाबा, प... प... परत बोलवा त्याला!" म्हणाली. अडखळली, पण त्याची तिला त्या वेळी काही पर्वा नव्हती. मी मात्र आधी चिडलो होतो. मग त्या दोघींकडे पाहून मलाही हसू आलं.

चहा करताना अक्का गंभीर झाली. "देशाला वेगळी खोली दिली ना, की तो जगात पाहुणा होतो. तुझी काळजी मला कळते. हिला आपलं सगळं आलं पाहिजे, यात वाद नाही. पण एकाच दोरीवर." तिने अट घातली : माझ्या दोरीवरचं प्रत्येक कार्ड तिच्या दोरीवर जाईल, पण जाताना एका प्रश्नाचं उत्तर देऊन. त्या वेळी दुसरीकडे काय चाललं होतं?

त्या प्रश्नाने पुढचं वर्ष खाल्लं. मुक्ताचं तर खाल्लंच, माझंही. निजामशाहीचं एक कार्ड होतं. मुक्ताने शोधून काढलं, की त्या राज्याचा सगळ्यात हुशार वजीर इथिओपियात जन्मला होता, गुलाम म्हणून बाजारात विकला गेला होता आणि बगदादवरून दख्खनमध्ये आला होता. "म्हणजे नगरचा इतिहास इथिओपियातून सुरू होतो?" तिने विचारलं. अक्का म्हणाली, "एक धागा तिथून निघतो. दुसरे शोध." मग कार्डावर नगर लिहायचं की अहिल्यानगर, यावर दोघींची चर्चा झाली आणि 'त्या वेळी जे नाव होतं ते' असं ठरलं. मी कारखान्यातून फोन करायला लागलो. पाळी संपताना डोक्यात काहीतरी यायचं. "अक्का, नगरच्या किल्ल्याला मोगलांचा वेढा पडला तेव्हा इंग्लंडात कोण होतं?" ती म्हणायची, "राणीच होती. तिकडेही राणी, इकडेही राणी. पण तू आधी जेवलास का?"

एकदा तिने मला एक कार्ड दिलं. त्यावर फक्त 'साखर' लिहिलं होतं. "तू साखरेतला माणूस. तू लाव हे." मी कार्ड आणि चिमटा घेऊन दोरीपाशी गेलो. साखरेत किती गोडी उतरली हे मोजण्यात माझं आयुष्य गेलंय, पण ती कधीची हे मी कधी विचारलं नव्हतं. रस आटवून खडे पाडण्याची युक्ती आपल्याकडची, म्हणून गुप्तांच्या काळापाशी उभा राहिलो. तेवढ्यात मुक्ता वाचून दाखवायला लागली, ती अरबांकडे कशी गेली, मग युरोपात, मग अटलांटिकपलीकडच्या बेटांवर, जिथे उसासाठी आफ्रिकेतून माणसं बांधून आणली. मी पुढे सरकलो. पुन्हा पुढे. शेवटी सहकारी कारखान्यांपाशी, आमच्या चिमणीपाशी पोचलो, आणि कार्ड अजून हातातच. "एक जागा नाही सापडत," म्हणालो. अक्काला जणू तेच ऐकायचं होतं. तिने त्याची पाच कार्डं करायला लावली. त्या दिवसापासून कारखान्याच्या गव्हाणीत पडणाऱ्या उसाकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. आपल्या घरातली वस्तू जगभर फिरून, कुणाकुणाचे हाल बघून परत आलेली आहे, असं काहीसं वाटतं.

हिवाळ्यात आम्ही दायमाबादला गेलो. प्रवरेच्या काठचं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड, आमच्याच तालुक्यात. मी इथे जन्मलो आणि तोवर कधी गेलो नव्हतो. भाऊसाहेबांनी टेम्पो काढला. तिथे काशाचा रथ सापडला होता, त्यात उभा माणूस, पुढे बैलजोडी. ती वस्तू आता मोठ्या शहरात काचेमागे आहे, टेकाडावर बघायला खापरांचे तुकडे आणि बाभळी. मुक्ता हिरमुसली. भाऊसाहेब तिला म्हणाले, "आगं, आमच्या वावरातबी अशी खापरं लई निघत्यात. आमी बांधावर फेकतो." मग अक्काकडे वळून, "बाई, तवाबी हितं ऊसच हुता का वं?"

"नाही रे. जव, गहू, मसूर."

"मंग बरं हुतं त्यांचं. तोडणीच्या टोळीची वाट बघाय लागत नसंल."

अक्का हसून खाली बसली आणि मातीवर बोट फिरवत राहिली. परत येताना मुक्ताने विचारलं, रथ कुठल्या गाठीला लावायचा. अक्का म्हणाली, "विद्वानांचं यावर एकमत नाही. काही म्हणतात चार हजार वर्षं, काही म्हणतात इतका जुना नसेल." मी विचारलं, मग परीक्षेत काय लिहायचं? ती म्हणाली, "परीक्षेत लिहायचं पुस्तकात असेल ते. दोरीवर मात्र सैल लावायचं." तिने दोन गाठींच्या मध्ये एक धागा बांधला आणि रथाचं कार्ड त्यात अडकवलं. ते इकडून तिकडे सरकतं. आमच्या तालुक्याचा रथ अजूनही तसाच चालतोय.

हे सगळं असताना मी शाळेचं का ठरवलं? फेब्रुवारीत एका ओळखीच्या शिकवणीत मी मुक्ताला सराव परीक्षेला बसवलं. प्रश्न होता, स्वातंत्र्यलढ्यात नगरच्या किल्ल्याचं महत्त्व. अपेक्षित उत्तर चार ओळींचं, बेचाळीस साली देशातले नेते तिथे कैदेत होते. मुक्ताने पान भरून लिहिलं होतं. की त्याच्या कितीतरी आधी इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेतल्या लढाईत पकडलेले डच वंशाचे शेतकरी नगरला आणून ठेवले होते, तेही इंग्रजांशीच लढत होते, पण सत्ता आल्यावर त्यांनी तिथल्या काळ्या लोकांवर काय काय लादलं... आणि मग शेवटी एका ओळीत आपले नेते. तपासणाऱ्याने लाल शाईत लिहिलं होतं, 'विषयांतर'. गुण जवळजवळ नाहीत.

मी तो कागद अक्कासमोर टाकला. ठेवला नाही, टाकला. तिने उभ्याउभ्याच वाचला आणि तिचा चेहरा उजळला. "विषयांतरच आहे. पण काय सुंदर आहे रे!" मग खुर्चीत बसली आणि पुन्हा एकदा वाचून हळू आवाजात म्हणाली, "तपासणाऱ्याचं बरोबर आहे. चार ओळींत उत्तर द्यायला मी हिला शिकवलंच नाही. माझ्याच हौसेत राहिले." अक्काला असं कबूल करताना मी पहिल्यांदा पाहत होतो. तेव्हा मी तिला आधाराचं काही बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी मनातल्या मनात शाळेचं पक्कं केलं. मुक्ताला मात्र मी विचारलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवतो.

अक्काचं सगळं कार्य आटोपल्यावर भाचा घर बंद करायचं म्हणाला. त्याला हैदराबादला परत जायचं होतं. मे महिन्यात आम्ही सामान आवरायला गेलो. दोरी तशीच होती, अठराव्या शतकापर्यंत गच्च भरलेली आणि पुढे, साखरेचं एखादं कार्ड सोडलं तर, मोकळी. मी चिमटे काढायला हात घातला तर मुक्ता मधे आली. "एकही क... कार्ड काढायचं नाही." मग भाऊसाहेबांनीच डोकं चालवलं. जमिनीवर चादरी पसरल्या, त्यावर दोरी कार्डांसकट आडवी घातली आणि चटईसारखी गुंडाळली. टेम्पोत ती गुंडाळी मुक्ताने मांडीवर घेतली. भाऊसाहेब गाडी हळू चालवत होते. म्हणाले, "आवघं जग घिऊन चाललीयास पोरी, खड्ड्यात सांडू नको."

सोफ्याच्या बाजूला एक खोकं होतं. त्यात कापलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा, सगळ्या कोऱ्या. त्या रविवारी ती कापत होती त्याच. मी मुक्ताला विचारलं, "मी तुला घेऊन निघालो तेव्हा आत्या काही बोलली का? शाळेबद्दल?"

"नाही. मी पाया प... पडले तेव्हापण क... कापतच होती."

एवढंच. यातून ती रागावली होती असं काढता येईल, आणि राग नव्हता असंही काढता येईल. ती गेली तो प्रश्न तसाच सोडून, आणि रथासारखा तोही मला सैलच बांधावा लागणार. पण जिला पुढे काही करायचं नाही ती इतकी कोरी कार्डं का कापत बसेल, असा विचार मनात येतो.

आमचं घर लहान. दोरी हॉलमधून आतल्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात आणि परत अशी बांधावी लागली. ज्या खोलीत मी फक्त देश टांगला होता तिथून आता सगळ्यांच्याच दोन हजार वर्षांची वाट जाते. बांधताना लक्षात आलं, 'आज'च्या लाल गाठीपुढे आणखी एक गाठ आहे. पूर्ण एक हात, रिकामा. मुक्ता म्हणाली, "तो माझा आहे. आत्याने सुरुवातीलाच बांधला होता." मग चिमटे डब्यात भरता भरता ती म्हणाली, "मी जाईन शाळेत. वर्गात वाचायला मात्र मीच हात वर करीन तेव्हा. तुम्ही सांगून ठेवा सरांना." मी हो म्हणालो. आणि तिने तोंड वर न करता विचारलं, "पण मग एकोणिसाव्या शतकाचं क... काय करायचं?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. काम उरलंय, ते कोण करणार, एवढंच तिला हवं होतं. मी म्हणालो, "मला इतिहास येत नाही गं."

"आत्यालापण सगळा यायचा नाही. ती विचारायची."

तेव्हापासून रविवारी दुपारी आम्ही दोघं बसतो. वैशाली स्वयंपाकघरातून डोकावते आणि चुकीची बाजू वाचून दाखवते, "आहेर आणू नये!" गेल्या रविवारी आम्ही रेल्वे लावली. आमच्या गावाचं नाव श्रीरामपूर आणि स्टेशनचं नाव बेलापूर का, इथून सुरुवात झाली. त्यावरून रूळ, रुळांवरून कापूस आणि कापसावरून थेट अमेरिकेतल्या यादवी युद्धापर्यंत पोचलो. कार्ड नेमकं कुठे लावायचं ते ठरवायला दोन गाठींमधलं अंतर मोजायचं होतं. पट्टी कपाटात होती. मी एका गाठीवर कोपर टेकवलं आणि हात लांब केला. बोटं पुढच्या गाठीच्या पलीकडे गेली.

या दोन गाठींमध्ये अक्काचा हात आहे. कोपरापासून बोटापर्यंत, जसाच्या तसा. तिचा फोटो आम्ही लावला आहे, पण तो फोटोवाल्याने उजळवलेला आहे. हे अंतर कुणी उजळवलेलं नाही.

मी बोटं आत मुडपली, तिच्या मापाएवढी. मुक्ताने चिमटा पुढे केला आणि म्हणाली, "हं. त्या वेळी दुसरीकडे काय चाललं होतं?"